गुरुजींच्या कथासंग्रहाचं परीक्षण: साताऱ्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

साताऱ्यातल्या एका वाचक मंडळाचं स्वतःचं त्रैमासिक आहे. अंक लहान, वर्गणीदार बहुतेक ओळखीचे, जाहिराती दोन पतसंस्थांच्या आणि एका मंगल कार्यालयाच्या. अंकाच्या शेवटी पुस्तक परीक्षणाची दोन पानं आणि त्याखाली 'साभार पोच'. मंडळाकडे अभिप्रायार्थ आलेल्या पुस्तकांपैकी एकाला ती दोन पानं मिळतात. बाकीच्यांचं नाव, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि किंमत तेवढी छापतात. हे प्रकरण त्या दोन पानांचं आहे. मी तेव्हा संपादन मंडळात होतो. अंकाचा शेवटचा शब्द संपादकांचा. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. पुस्तकातले संवादही बदलले आहेत, त्यांची घडण मात्र तीच ठेवली आहे.

जानेवारी २०२६ चं ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साताऱ्यात ठरलं आणि शहरात एकदम प्रकाशन समारंभांचा हंगाम आला. १९९३ नंतर साताऱ्यात पुन्हा संमेलन, म्हणजे ज्याच्या ज्याच्या कपाटात वही होती त्याने ती बाहेर काढली. त्यातच एका निवृत्त शिक्षकांचा कथासंग्रह आला. त्यांना इथे गुरुजी म्हणू. सगळे तेच म्हणतात. गुरुजी मूळचे माण तालुक्यातले. हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, आता साताऱ्यात घर आहे. संग्रहात अकरा कथा, छपाई स्वखर्चाने. प्रस्तावना एका माजी प्राचार्यांची, चांगली आठ पानांची. हे प्राचार्य मंडळाचे जुने हितचिंतक.

परीक्षण सोपवलं ते पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एका सभासद बाईंकडे. मंडळात त्यांना ताई म्हणतात. वाचन दांडगं, चर्चेत बोलणं नेमकं, पण परीक्षण लिहिण्याची ही पहिलीच वेळ. गुरुजींनी ताईंच्या धाकट्या भावाला चौथीत शिकवलं होतं आणि प्रकाशन समारंभात आभारप्रदर्शन ताईंनीच केलं होतं. हे ऐकून कुणी म्हणेल, मग त्यांच्याकडे दिलंच कशाला? साताऱ्यात कुणाचा कुणाशी काही संबंध नाही असा परीक्षणकार हवा असेल, तर खंबाटकी ओलांडूनच जावं लागेल.

अडचण

पहिला मसुदा वेळेत आला आणि वाचायलाही सोपा होता. तीच खरी तक्रार होती. 'ओघवत्या भाषेतल्या या कथा वाचकाला अंतर्मुख करतात.' 'ग्रामीण जीवनाचं विदारक वास्तव लेखकाने समर्थपणे मांडलं आहे.' 'प्रत्येकाच्या संग्रही असावं असं पुस्तक.' मधल्या जागेत अकराच्या अकरा कथांची कथानकं, शेवटांसकट. शेवटी पुढील लेखनास शुभेच्छा.

संपादकांनी समासात पेन्सिलने एकच प्रश्न लिहून मसुदा परत पाठवला: 'पुस्तकाचं नाव झाकलं, तर हे कुठल्या पुस्तकाबद्दल आहे ते कळेल का?' ताईंनी प्रामाणिकपणे नाव झाकून पाहिलं. कळत नव्हतं. हेच परीक्षण मागच्या अंकातल्या कथासंग्रहालाही चाललं असतं.

दुसरी गोष्ट संपादकांच्या नजरेतून सुटली नाही. दोन वाक्यं प्रस्तावनेतली होती, थोडे शब्द इकडेतिकडे करून. ताईंना हे कळल्यावर त्या खजील झाल्या, कारण उतरवून घ्यायचा हेतू नव्हता.

"मलाही वाचताना तेच जाणवलं होतं," त्या म्हणाल्या.

"प्रस्तावना वाचायच्या आधी जाणवलं होतं का?"

यावर उत्तर नव्हतं. पुस्तक हातात आलं की आपण पहिल्या पानापासून सुरू करतो आणि पहिली पानं प्रस्तावनेची असतात. प्रस्तावना लेखकाने मागून घेतलेली असते, ती पुस्तकाची बाजू मांडणारच. ती आधी वाचली की कथा वाचताना डोळे तिने सांगितलेलंच शोधतात.

मग संपादकांनी सरळ विचारलं, "ताई, खरं सांगा, पुस्तक आवडलं का?"

"दोन-तीन कथा फार आवडल्या. बाकीच्या... अहो, गुरुजी आहेत ते."

अडचण इथे होती. मसुद्यातली भाषा गुळगुळीत झाली ती लिहिता येत नव्हतं म्हणून नाही. मत होतं, ते लपवायचं होतं, आणि त्या कामासाठी मराठीत तयार विशेषणांची अजिबात कमतरता नाही.

समोरचे पर्याय

संपादन मंडळाच्या बैठकीत चहा गार होईपर्यंत चर्चा झाली. सगळ्यात सोपी वाट म्हणजे पुस्तक 'साभार पोच'मध्ये टाकणं. कुणी दुखावत नाही, कुणाला काही कळतही नाही. पण संमेलनाच्या वर्षात, आपल्याच जिल्ह्यातल्या पुस्तकाला चार शब्दांची पोच देणं हाही एक शेराच झाला असता, आणि तो कारण न देता मारलेला.

दुसरी वाट 'परीक्षण'ऐवजी 'परिचय' छापण्याची. परिचयात पुस्तकात काय आहे ते सांगायचं, कसं आहे ते नाही. हा प्रकार वाईट नाही. माहितीपर पुस्तकाला तो शोभतो. कथासंग्रहाचा परिचय म्हणजे मात्र पुन्हा कथानकांची यादी. ती तर ताईंनी लिहिलेलीच होती.

सांगलीच्या एका अभ्यासकांकडे पुस्तक पाठवावं अशीही सूचना आली. ते गुरुजींना ओळखत नव्हते. पण अंक छपाईला जायला थोडेच दिवस होते, आणि ताईंनी काम अर्धं केलेलं असताना ते काढून घेणं बैठकीत कुणालाच पटेना.

सर्वांत जास्त पाठिंबा मिळाला तो एका ज्येष्ठ सभासदांच्या सूचनेला. "अंकात चांगलंच लिहा. काय चुकलंय ते गुरुजींच्या कानात सांगू. गावात राहायचंय ना आपल्याला?" यावर हसू आलं तरी मुद्दा खोटा नव्हता. परीक्षण वाचतं कोण? विकत घ्यावं की नाही हे ठरवणारा वाचक वाचतो, हे खरं. पण लेखक वाचतो, प्रस्तावनाकार वाचतो, आणि पुढे तेच कात्रण पुरस्काराच्या प्रस्तावाला जोडलं जातं. या सगळ्यांत वाचक एकटाच असा, की ज्याचा बैठकीतल्या कुणाशी परिचय नव्हता. म्हणून त्याची बाजू कुणी घेत नव्हतं. संपादकांनी घेतली. अडीचशे रुपये तो देणार, मग कानातली गोष्ट त्यालाच का सांगायची नाही, एवढंच ते म्हणाले.

शेवटी ठरलं ते असं: ताईंनीच लिहायचं, परीक्षणच लिहायचं, आणि लेखकाशी असलेला संबंध उघड छापायचा.

काय केलं

ताईंनी पुस्तक पुन्हा वाचलं. या वेळी प्रस्तावना रबर लावून बंद केली. हातात पेन्सिल. जिथे थांबून पुन्हा वाचावंसं वाटलं तिथे एक खूण, जिथे नजर ओळी गाळून पुढे गेली तिथे दुसरी. नंतर फक्त खुणांची पानं उघडून पाहिली. तेव्हा तीन गोष्टी वर आल्या.

पहिली, चारा छावणीची कथा. २०१२-१३ च्या दुष्काळात माण-खटावमध्ये छावण्या पडल्या होत्या, तिथला एक म्हातारा. गाईला घेऊन छावणीत राहिलेला. रात्री तो उठतो आणि त्या सगळ्या जनावरांच्या गर्दीत, अंधारात, आपल्या गाईचा खोकला ओळखतो. या पानावर ताईंच्या तीन खुणा होत्या.

दुसरी, शेवटचे परिच्छेद. अकरापैकी सात कथांच्या शेवटी लेखक स्वतः पुढे येऊन उपदेश करत होता. छावणीच्या कथेतही, त्या खोकल्यानंतर पान उलटलं की पाण्याच्या बचतीचं महत्त्व.

तिसरी गोष्ट पहिल्या वाचनात ताईंच्या लक्षातच आली नव्हती. संग्रहातले पुरुष माणदेशी बोलतात, बायका पाठ्यपुस्तकातलं बोलतात. एकाच घरात, एकाच पानावर. नवरा म्हणतो, "आरं, टँकर कवाच येऊन गेला. झोपलावतास व्हय?" आणि बायको म्हणते, "अहो, मुलांना तहान लागली आहे. आपण पाण्याची काहीतरी व्यवस्था करायला हवी." एकदा हे दिसल्यावर ताईंनी अकराही कथा या एकाच नजरेने चाळल्या. सगळीकडे तेच.

आता हातात ऐवज होता, आणि दुसरा मसुदा पार दुसऱ्या टोकाला गेला. त्यात एक वाक्य होतं: 'लेखक निवृत्त झाले आहेत, पण अजून वर्गातून बाहेर आलेले नाहीत.' बैठकीत वाचल्यावर सगळे खदखदून हसले. आणखी एक वाक्य बांधाच्या भांडणाच्या कथेबद्दल: 'लेखकाच्या स्वतःच्या भावकीतल्या वादामुळे ही कथा एकांगी झाली आहे.' हेही खरं होतं. गुरुजींच्या गावात विचारलं तर कुणीही सांगेल.

या दोन वाक्यांवर बराच वेळ गेला. मंडळातल्या एका वकील सभासदांनी इथे कायद्यातलं एक उदाहरण सांगितलं. बदनामीची तरतूद पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तिच्या सहाव्या अपवादानुसार, लोकांच्या न्यायासाठी पुढे ठेवलेल्या कलाकृतीबद्दल सद्भावनेने मत देणं ही बदनामी नाही, आणि पुस्तक छापणारा माणूस ते लोकांच्या न्यायासाठीच पुढे ठेवतो. तिथलं उदाहरण साधारण असं: 'पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे लेखक दुबळ्या मनाचा असणार' असं कुणी सद्भावनेने म्हटलं तर त्याला संरक्षण आहे, कारण लेखकाबद्दलचं मत पुस्तकातून निघालं. पण 'पुस्तक मूर्खपणाचं निघालं याचं नवल नाही, तो माणूसच दुबळा आणि छंदीफंदी' असं म्हटलं की संरक्षण गेलं. तिथे माणसाबद्दलचं मत आधी तयार होतं, पुस्तक निमित्ताला आलं.

कोर्टकचेरीची भीती कुणालाच नव्हती. गुरुजी असल्या भानगडीत पडणारे नाहीत. पण लहान गावात परीक्षण लिहिणाऱ्याला इतकी उपयोगी कसोटी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. इथे लेखकाबद्दल पुस्तकाबाहेरचं फार माहीत असतं. ते लिहिलं की वाचकाला आतली बातमी मिळाल्यासारखं वाटतं, पण पुस्तक उघडून त्याला ते पडताळता येत नाही.

ताईंनी भावकीचं वाक्य काढलं आणि त्याच निष्कर्षाला पुस्तकातला पुरावा शोधला. तो होता: 'अख्ख्या कथेत धाकट्या भावाला एकही वाक्य बोलायला मिळत नाही.' हे पहिल्यापेक्षा जास्त बोचतं, आणि कुणालाही पान काढून तपासता येतं. वर्गाचं वाक्य त्यांना सोडवत नव्हतं. कुठल्याही परीक्षणकाराला आपलं असलं वाक्य सोडवत नाही. अखेर त्याजागी वाचकासाठी एक प्रयोग आला: 'छावणीच्या कथेचा शेवटचा परिच्छेद हाताने झाकून ती वाचून पाहावी. कथा पूर्ण होते.' एवढ्यात उपदेशाबद्दलचा आक्षेपही आला आणि कथेचं कौतुकही.

बायकांच्या भाषेच्या मुद्द्यावर ताईंनी मसुद्यात आपला पर्यायही दिला होता: 'पोरं तान्हेजलीत, पाण्याचं कायतरी बगा की.' संपादकांनी तो काढला. त्यांचं म्हणणं, लेखकाची दोन वाक्यं समोरासमोर ठेवली की वाचकाच्या कानाला ते आपोआप खटकतं. तिसरं वाक्य लिहून दाखवणं हे परीक्षणकाराचं काम नाही. मला हे आजही पूर्ण पटलेलं नाही. ताईंचं वाक्य झकास होतं. संवादांचे उतारे छापायला परवानगी लागेल का, अशीही शंका निघाली. नाही लागत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी केलेल्या रास्त वापराला सूट आहे. किती शब्द चालतील याचा आकडा तिथे दिलेला नाही, पण मुद्दा दाखवायला लागतील तेवढ्याच ओळी घेणं शहाणपणाचं.

आणखी एक गोष्ट गळाली. मसुद्याच्या सुरुवातीला व्यंकटेश माडगूळकरांचं नाव होतं. माणदेश म्हटलं की ते येतंच. माडगुळं आटपाडी तालुक्यात, म्हणजे सांगली जिल्ह्यात, आणि गुरुजींचं गाव इकडे साताऱ्यात, पण प्रदेश एकच. तरीही त्या तुलनेतून वाचकाला काय मिळणार होतं? 'त्यांच्याइतकं चांगलं नाही', एवढंच. त्यापेक्षा याच पुस्तकातली छावणीची कथा मोजमाप म्हणून वापरली: लेखकाला हे जमतं, मग बाकीच्या कथांत का नाही? अकरांपैकी चारच कथांबद्दल लिहायचं हेही इथेच ठरलं. शेवट उघड केला तो फक्त छावणीच्या कथेचा, कारण तिची गंमत शेवट काय होतो यात नाही.

छापलेल्या परीक्षणाची सुरुवात अशी झाली: 'या संग्रहातला एक म्हातारा रात्री छावणीत उठतो आणि अंधारात आपल्या गाईचा खोकला ओळखतो. हे लिहू शकणारा लेखक पान उलटल्यावर आपल्याला पाण्याचं महत्त्व का सांगतो, हा प्रश्न मला पुस्तक संपेपर्यंत पडत राहिला.'

अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी गुरुजींचा संपादकांना फोन आला. "परीक्षण येतंय म्हणे. छापायच्या आधी एकदा नजरेखालून घातलं असतं."

"गुरुजी, तेवढं नका मागू. अंक आला की पहिली प्रत मी स्वतः घरी आणून देतो."

दिली. आधी मजकूर दाखवायचा नाही, पण गावांची आणि पात्रांची नावं, पृष्ठक्रमांक, किंमत हे पुस्तकाशी दोनदा ताडून पाहायचं, एवढी काळजी घेतली होती. लेखकाला टीका पचते. पात्राचं नाव चुकलेलं पचत नाही, आणि ते रास्तच आहे.

छापून आल्यावर

गुरुजी पुढच्या बैठकीला आले नाहीत. प्राचार्यांनी मंडळासाठी कबूल केलेला लेख दिला नाही. प्रस्तावनेबद्दल परीक्षणात अवाक्षर नव्हतं, बहुधा तेच लागलं. दोघातिघांनी ताईंना रस्त्यात गाठून शाबासकी दिली आणि एका बाईंनी चांगलं सुनावलं, भावाला शिकवलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का म्हणून. परीक्षणाखाली संबंध छापलेला होता, त्यामुळे बाईंना हे परीक्षणातूनच कळलं होतं.

मग गुरुजींचं पत्र आलं, दोन फुलस्केप, सुंदर अक्षरात. उपदेशाच्या परिच्छेदांबद्दल त्यांनी एकाच ओळीत लिहिलं होतं, की सवय आहे आणि ती राहणार. उरलेलं सगळं पत्र बायकांच्या भाषेबद्दल. त्यांनी लिहिलं होतं की वयाच्या तिशीपासून ते गावोगाव कथाकथन करत. पुरुषाच्या तोंडची गावरान बोली आली की लोक ऐकत, बाईच्या तोंडची आली की हसत. वाक्य कितीही दुःखाचं असो, हशा ठरलेला. त्या बायकांत त्यांची आई होती, चुलती होती. म्हणून त्यांनी बायकांना मुद्दाम 'शुद्ध' बोलायला लावलं, आणि छापतानाही ते बदललं नाही.

पत्र वाचल्यावर ताईंना उत्तर द्यायचं होतं. मुद्दा चांगला होता: समोरच्या हशावर उपाय म्हणून केलेली गोष्ट कागदावर तशीच ठेवायची का? कागदावरचा वाचक एकटा असतो, तो हसेलच असं नाही. संपादकांनी उत्तर छापलं नाही. परीक्षणकाराला दोन पानं मिळाली, लेखकाला एक, तिथे थांबायचं. पत्र पुढच्या अंकात जसंच्या तसं आलं. त्या अंकावर जेवढी पत्रं आली तेवढी परीक्षणावर आली नव्हती. माण-खटावमधल्या तीन बायकांनी लिहिलं, त्यातल्या दोघींना गुरुजींचं पटलं होतं आणि एकीला मुळीच नाही.

पुस्तक त्यामुळे जास्त खपलं की कमी, हे गुरुजींनाच माहीत. परीक्षणाचं कात्रण त्यांनी पुरस्काराच्या प्रस्तावाला जोडलं, एवढं मात्र आम्हाला कळलं. सुरुवातीची तीन वाक्यंच जोडली होती म्हणे.

पुन्हा असं पुस्तक आलं तर

लेखकाशी नातं काय, हा प्रश्न पुस्तक हातात देतानाच विचारायला हवा. इथे तो मसुदा फसल्यावर निघाला आणि तोवर ताईंची एक वाट बंद झाली होती: 'मला नको' म्हणण्याची. संबंधाची ओळही परीक्षणाच्या खाली न छापता वर छापलेली बरी. खाली छापली की वाचकाला ती शेवटी भेटते आणि तो मागे जाऊन सगळं नव्याने तोलू लागतो.

प्रस्तावना शेवटी वाचायची, हा नियम आता मंडळात सगळेच पाळतात. पण ती वाचून तिच्याबद्दल लिहायचं की नाही, यावर एकमत नाही. मला वाटतं, आठ पानांची प्रस्तावना पुस्तकाचा भाग असते आणि वाचक तिचेही पैसे देतो. प्राचार्य रागावले ते उल्लेख न झाल्यामुळे की पुस्तकावर टीका झाल्यामुळे, हे कळलं नाही, तेव्हा त्यांना सांभाळण्यासाठी गप्प राहून काही हाती लागलं असंही नाही.

भाषेच्या मुद्द्यावर मात्र आणखी एक वाट मोकळी होती, जी बैठकीत कुणाला सुचली नाही. स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकात मुद्रितशोधक बोलीभाषा 'सुधारून' ठेवतो असं पुष्कळदा होतं. बायकांची वाक्यं लेखकाने तशी लिहिली की छापताना तशी झाली, एवढा एकच प्रश्न प्रकाशकाला किंवा गुरुजींना फोन करून विचारता आला असता. मजकूर न दाखवताही विचारता येतो. विचारला असता तर कथाकथनाची हकीकत परीक्षणातच आली असती, ताईंना तिच्याशी तिथेच वाद घालता आला असता, आणि ते परीक्षण जास्त कडक झालं असतं असा माझा अंदाज आहे. ताईंना तसं वाटत नाही. त्यांच्या मते कारण कळल्यावर त्यांनी ती दोन वाक्यं समोरासमोर छापलीच नसती, आणि मग त्या तीन बायकांची पत्रंही आली नसती.